बोटीवरची स्क्रीन मध्येच का मालवते? बॅटरी कोणती घ्यावी आणि कशी सांभाळावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला कोल्हापुरात, देवगडला पाहुण्यांबरोबर भागीदारीत १८ फुटी फायबर बोट. संध्याकाळी जाळी घेऊन बाहेर पडायचं, सकाळी परत यायचं. यंदा सात इंची फिशफाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारी स्क्रीन) बसवला, त्यातच जीपीएस आहे. शिवाय वायरलेस, दोन एलईडी दिवे आणि बोटीतलं पाणी उपसायचा पंप. हे सगळं ज्या बॅटरीवर इंजिनाला सेल्फ मारता त्याच ३५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज) कारच्या बॅटरीवर चालतं. चार-पाच तासांत स्क्रीन मालवते, आणि मध्येच इंजिन चालू केलं तर हमखास. बॅटरी दुकानात दाखवली तर ‘एकदम ओके’ म्हणून परत दिली. आता कुणी इन्व्हर्टरची ट्यूब्युलर घ्या म्हणतं, कुणी लिथियम.

मी उद्यमनगरात बॅटरी आणि ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. फोंडा किंवा गगनबावडा चढून येणारे बोटवालेही गिऱ्हाइकांत आहेत, धरणावर छोट्या बोटी चालवणारेही. त्यांच्या तक्रारी तुमच्यासारख्याच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानदार खोटं बोलला नाही. दुकानातला लोड टेस्टर बॅटरीतून काही सेकंद जबरदस्त करंट ओढतो आणि व्होल्टेज किती पडतं ते बघतो. म्हणजे सेल्फ मारायची ताकद आहे का, एवढंच तो तपासतो. कारची बॅटरी त्याच कामासाठी बनवलेली असते: आत पातळ आणि भरपूर प्लेटी, क्षणभर दोन-तीनशे अँपिअर द्यायचे आणि पुढं डायनामोनं लगेच भरून घ्यायचं. तुमच्या फिशफाइंडरला हवाय दीड अँपिअर, पण रात्रभर. हे काम त्या प्लेटींना मानवत नाही. दर वेळी खोलवर उतरवली की प्लेटीवरचा मसाला सुटून तळाला बसतो आणि काही महिन्यांत ३५ एएचची बॅटरी १५-२० एएचची होऊन जाते. सेल्फ मात्र तेव्हाही मारते, म्हणून टेस्टर ओके म्हणतो.

आता स्क्रीन मालवते म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेक फिशफाइंडर १० ते ११ व्होल्टच्या आसपास आले की स्वतःहून बंद होतात. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. बॅटरी संपली का, हा प्रश्न त्याला पडतच नाही. त्याच्या पाठीमागच्या प्लगपर्यंत किती व्होल्ट पोचले एवढंच त्याला कळतं. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी एक साधा डिजिटल मीटर घ्या आणि तीन ठिकाणी मोजा.

पहिलं, बॅटरी पूर्ण चार्ज करून, सगळं काढून, रात्रभर तशीच ठेवून सकाळी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दिसायला हवं. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा १३ च्या वर दिसतं आणि उगाच समाधान होतं.

दुसरं, सगळी उपकरणं चालू ठेवून एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि एकदा फिशफाइंडरच्या प्लगपाशी. दोन्हीत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायरिंग व्होल्ट खातंय.

तिसरं, कुणाला तरी इंजिनाला सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी बॅटरीवर बघत राहा. आकडा १० च्या खाली गचकन गेला, तर स्क्रीन तिथंच का रीस्टार्ट होते ते कळलं. चांगल्या बॅटरीचंही व्होल्टेज सेल्फला खाली जातंच. एकाच बॅटरीवर इंजिन आणि स्क्रीन ठेवली की हा त्रास कायमचा.

बहुतेक फिशफाइंडरच्या सेटिंगमध्ये व्होल्टेजचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायची सोय असते. ती चालू करा, आणि लो व्होल्टेजचा अलार्म असेल तर ११.८ ला लावा. हा आकडा फुकटचा आहे आणि पाण्याची खोली बघता बघता बॅटरीही दिसत राहते.

आता बॅटरी किती मोठी हवी त्याचा हिशेब. किती अँपिअर आणि किती तास, गुणाकार करायचा, की एएच मिळतात. सात इंची फिशफाइंडर पूर्ण उजेडावर साधारण १.५ अँपिअर घेतो. १२ तास चालला तर १८ एएच. वायरलेस नुसता ऐकत असेल तर अर्धा अँपिअर, म्हणजे ६ एएच. बोलताना २५ वॅटवर ५-६ अँपिअर घेतो, पण रात्रभरात सगळं मिळून दहा मिनिटं बोलत असाल, त्याचा १ एएच धरा. दहा-दहा वॅटचे दोन दिवे मिळून १.७ अँपिअर, आठ तासांचे १४ एएच. पंपाचा १, मोबाइल चार्जिंगचे ३. बेरीज ४३ एएच.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही असा नियम धरला, तर ८६ एएच लागते. बॅटरी जुनी होत जाते तशी तिची ताकद घटते, म्हणून १०० एएच घ्या. लिथियममधून ८० टक्के निर्धास्त काढता येतात, म्हणून तिथं ५४, म्हणजे ६० एएच पुरते.

याच हिशेबानं तुमच्या सध्याच्या बॅटरीकडं बघा. सरासरी साडेतीन अँपिअर ओढताय. नवी, पूर्ण भरलेली ३५ एएचची बॅटरी एवढ्यावर नऊ तासांच्या आसपास ओढत गेली असती, भले त्यात तिचं नुकसान झालं असतं. तुमची चार-पाच तासांत जाते. याचा अर्थ तिची निम्मी ताकद गेली आहे, किंवा ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि वर वायरिंगमध्ये अर्धा व्होल्ट कुठंतरी सांडतोय. मला विचाराल तर तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या असणार.

म्हणजे सल्ला दोन बॅटऱ्यांचा. ३५ एएचची फक्त इंजिनासाठी ठेवा, आणि उपकरणांसाठी वेगळी घ्या. एकच मोठी घेऊन दोन्ही कामं चालवायचा मोह होतो, पण रात्री स्क्रीनसाठी ती बॅटरी उतरली आणि सकाळी सेल्फ बसला नाही, तर किनाऱ्यापासून मैलोगणती लांब दोरी ओढत बसावं लागतं. दोरीचं इंजिन असेल तर निदान ते तरी.

कोणती वेगळी घ्यायची, इथं जरा थांबतो, कारण पैसे इथंच वाया जातात.

इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर खोलवर उतरवण्यासाठीच बनवलेली असते. घरात ती उत्तम चालते. बोटीवर तिचे दोन दोष आहेत. एक वजन, १५० एएचची बॅटरी अ‍ॅसिडसकट ५० किलोच्या वर जाते. दुसरा तिची उंची. १८ फुटी बोट लाटेवर कलली की वरच्या फ्लोटच्या झाकणांतून अ‍ॅसिड झिरपतं, ते तळाच्या पाण्यात उतरतं आणि वायर, नटबोल्ट, जाळं जे सापडेल ते खातं. शिवाय मीठ. समुद्राचं पाणी बॅटरीच्या सेलमध्ये गेलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो, आणि तो बंद कप्प्यात साठला तर जिवावर बेततं. धरणाच्या संथ पाण्यात, रुंद तळाच्या बोटीत, ट्रेमध्ये बसवून पट्ट्यानं आवळलेली ट्यूब्युलर मी चालवून घेईन. देवगडच्या समुद्रात नाही.

ई-रिक्षाची बॅटरी हा पर्याय बोटवाल्यांना फारसा कुणी सांगत नाही. रोज खोलवर उतरायची, रोज भरायची आणि दिवसभर खड्ड्यांतून हादरे खायचे, हेच तिचं आयुष्य असतं. १०० एएचच्या आसपास मिळते, साधारण ३० किलो, इन्व्हर्टरच्या बॅटरीपेक्षा बुटकी, वर उचलायला मुठी असतात. पाणी तिलाही टाकावं लागतं आणि अ‍ॅसिड सांडायचा धोका उरतोच, पण झाकणं घट्ट आणि बॉक्स चांगला असेल तर बजेटमध्ये ही सगळ्यात शहाणी खरेदी आहे.

एसएमएफ म्हणजे यूपीएसला वापरतात ती पूर्ण सीलबंद बॅटरी. आडवी झाली तरी सांडत नाही, पाणी टाकायची भानगड नाही, गंजणं कमी. बोटीसाठी ही सोय मोठी आहे. उष्णतेला मात्र ती हळवी. कारची ‘मेंटेनन्स फ्री’ आणि ही एसएमएफ एकच असं समजू नका. कारच्या मेंटेनन्स फ्रीमध्ये आत पातळ अ‍ॅसिडच असतं, नुसती झाकणं बंद असतात. दुकानात ‘मेंटेनन्स फ्रीच आहे की’ म्हणून तीच हातात देतात, तेव्हा लेबलवर व्हीआरएलए (सीलबंद लेड-अ‍ॅसिड) लिहिलंय का बघा. आणि यूपीएसची एसएमएफ वर्षातून काही वेळाच उतरेल असं धरून बनवलेली असते. डीप सायकल (वारंवार खोलवर उतरवायला बनवलेली) लिहिलेली मिळाली तर तीच घ्या.

लिथियम. इथं फक्त लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, बाकीच्या जातींच्या नादाला बोटीवर लागू नका. १०० एएचची एलएफपी ११ ते १३ किलो. ६० एएचची तर एका हातात उचलून दुपारी घरी चार्जिंगला नेता येते. पहिल्यांदा खिशाला झणका बसतो, पण रोज ८० टक्के उतरवूनही ती दोन-तीन हजार वेळा भरते, तेवढ्यात लेड-अ‍ॅसिडचे दोन-तीन जोड तरी जातात. आठवड्यातून चार-पाच रात्री जाणाऱ्याला ती परवडते. महिन्यातून दोनदा जाणाऱ्यानं ई-रिक्षाची किंवा एसएमएफ घ्यावी.

एलएफपीच्या दोन खोडी ठाऊक हव्यात. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळं लेड-अ‍ॅसिडसारखं आकडा बघून ‘निम्मी उरली’ असं कळत नाही. आणि खाली गेली की आतलं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) खटकन सगळं तोडतं, पूर्वसूचना जवळजवळ नाहीच. म्हणून एलएफपीबरोबर शंट लावलेला एएच मीटर घ्या, जो आत किती गेलं आणि बाहेर किती आलं त्याची बेरीज-वजाबाकी ठेवतो.

एलएफपीत आणखी एक फसवणूक चालते. वापरलेले सेल नव्या डब्यात भरून १०० एएचचा स्टिकर लावलेला. तपासायची रीत सोपी आहे. गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावा, तो साधारण ५ अँपिअर घेतो. ६० एएचची खरी बॅटरी पूर्ण भरून त्यावर बारा तासांच्या आसपास चालली पाहिजे. सात तासांतच विझला तर काय दिलंय ते कळलं. लेड-अ‍ॅसिडलाही हाच बल्ब चालतो. १०० एएच म्हणजे ५ अँपिअरनं २० तास, लेबलवर सी-२० लिहितात त्याचा अर्थ हाच. मात्र लेड-अ‍ॅसिड तपासायला सारखी शेवटपर्यंत उतरवू नका. दहा तास चालवून, बल्ब काढून, तासाभरानं १२.१ च्या वर असेल तर चांगली आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सी-२० ऐवजी सी-१० (म्हणजे दहा तासांत काढायचे एएच) लिहिलेलं दिसेल, तोही फरक ध्यानात ठेवा. सी-१० ची १०० एएच आणि सी-२० ची १०० एएच यांत सी-१० वाली दमदार.

धरणावर जे ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी विजेची मोटर) लावतात त्यांच्यासाठी एवढंच: ती पूर्ण वेगात ३० ते ५० अँपिअर ओढते, तिला स्वतंत्र बॅटरी. फिशफाइंडर त्याच बॅटरीला जोडला की स्क्रीनवर वेगानुसार रेषांचा पाऊस पडतो.

हा पाऊस सगळ्यांनाच कधी ना कधी दिसतो, आणि लोक ट्रान्सड्यूसर (फिशफाइंडरचा पाण्यातला सेन्सर) बदलून मोकळे होतात. आधी एक एक वस्तू बंद करून बघा. स्वस्तातले एलईडी दिवे, पंप, मोबाइलचा चार्जर, यांतलं काहीतरी बंद केल्यावर स्क्रीन स्वच्छ होते. फिशफाइंडरला बॅटरीच्या टर्मिनलपासून स्वतःची वेगळी जोडी ओढा, दुसऱ्या कशाच्याही वायरीवरून टॅप मारू नका. निम्मी कटकट तिथं संपते.

वायरिंगचा हिशेब करून दाखवतो, कारण त्यात कमी किमतीत जास्त फायदा आहे. बॅटरीपासून स्क्रीनपर्यंत ५ मीटर, जाऊन येऊन १० मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर तिचा रेझिस्टन्स साधारण ०.१७ ओहम. त्यावरून ३ अँपिअर नेले की अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. २.५ ची वापरली तर ०.२ व्होल्ट. दुसऱ्या शब्दांत, बॅटरीवर ११.४ असताना पहिल्या वायरीनं स्क्रीनला १०.९ मिळतात आणि दुसरीनं ११.२. रात्रीच्या दोन वाजता हेच तीन दशांश व्होल्ट तुम्हाला आणखी काही वेळ देतात. म्हणून फक्त फिशफाइंडर असला तरी २.५ पेक्षा बारीक वापरू नका.

समुद्रावर कलई केलेली तांब्याची वायर घ्या. घरगुती वायर चार महिन्यांत प्लॅस्टिकच्या आतून काळी पडत जाते. बाहेरून दिसत नाही, सोललं की कळतं. जोड पिळून टेप गुंडाळायची पद्धत तर सोडाच. लग घाला, क्रिंपिंग टूलनं दाबा, वर आतून गोंद असलेलं हीटश्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी) चढवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत, मुख्य फ्यूज. तुमच्या एवढ्या सामानाला २० अँपिअर पुरे. फिशफाइंडरला मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेगळा छोटा फ्यूज. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणारे बरेच भेटतात; पाण्यावर आग लागली तर पळायला जागा नसते, तेवढं लक्षात ठेवा.

आता चार्जिंग. बॅटऱ्या वापरून कमी आणि अर्धवट चार्जिंगनं जास्त मरतात. छोट्या आऊटबोर्ड इंजिनाची चार्जिंग कॉइल पूर्ण रेसवर ६ ते १५ अँपिअर देते, मंद चालीवर निम्म्याहून कमी, आणि जाळं टाकून इंजिन बंद असताना शून्य. म्हणजे रात्री ४३ एएच काढले आणि परतीच्या तासाभरात ७-८ भरले. लोकांना वाटतं इंजिन चाललं म्हणजे बॅटरी भरली. लेड-अ‍ॅसिड अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटींवर सल्फेटचा पांढरा थर धरतो, सुरुवातीला तो चार्जिंगनं सुटतो, महिना गेला की दगडासारखा होतो. म्हणून बोट लागली त्याच दिवशी किनाऱ्यावर चार्जरला लावायची. काढलेल्यापेक्षा १०-२० टक्के जास्त भरावं लागतं, म्हणजे ५० एएचच्या आसपास. १० अँपिअरच्या चार्जरनं शेवटच्या संथ टप्प्यासकट सात-आठ तास धरा. मोटरसायकलच्या दीड-दोन अँपिअरच्या चार्जरवर ती दुसऱ्या दिवशी सकाळीही पूर्ण भरलेली नसते.

चार्जर घेताना बॅटरीच्या जातीप्रमाणं सेटिंग बदलतं का बघा. पातळ अ‍ॅसिडच्या बॅटरीला १४.४ व्होल्ट, एसएमएफला १४.४ च्या आसपास पण तिच्या लेबलवर लिहिलेलं असेल तेच, एलएफपीला १४.२ ते १४.६. लेड-अ‍ॅसिडचा थर सोडवायला काही चार्जर १५ च्या वर व्होल्ट देतात, तो मोड एलएफपीवर चुकूनही चालवायचा नाही.

इंजिनाच्या चार्जिंगचा थोडा फायदा उपकरणांच्या बॅटरीलाही हवा असेल तर दोन बॅटऱ्यांमध्ये व्हीएसआर (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले) बसवा. इंजिनाच्या बॅटरीचं व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोन्ही जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. हाताचा स्विच विसरायची भीती नाही. हे लेड-अ‍ॅसिडच्या जोडीलाच. एलएफपीचं बसलेलं व्होल्टेजच १३.३ च्या आसपास असल्यामुळं व्हीएसआर तुटतच नाही आणि दोन्ही बॅटऱ्या एकमेकींत ओतत बसतात. तिथं डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी योग्य व्होल्टेजनं भरणारा) लागतो. तो खर्च टाळायचा असेल तर एलएफपी इंजिनापासून पूर्ण अलग ठेवून किनाऱ्यावरच चार्ज करा. तुमच्या वापराला तेच बरं.

सोलर पॅनल म्हणाल तर ५० वॅटचा पॅनल, चांगल्या उन्हात, तोटा वजा जाता दिवसाला १४ एएचच्या आसपास देतो. बोट नांगरून पडलेली असताना बॅटरी तेजीत ठेवायला तो छान आहे, तुमचे ४३ एएच भरायला अपुरा. कंट्रोलर मात्र हवाच.

देखभालीत पाणी. पातळ अ‍ॅसिडच्या बॅटरीत फक्त डिस्टिल वॉटर, तेही चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरलं की चार्जिंगमध्ये फुगून बाहेर येतं. प्लेटी उघड्या पडल्या असतील तर त्या झाकतील एवढंच आधी टाका, बाकी नंतर. आरओचं पाणी चालतं का, हे सगळेच विचारतात. त्यात क्षार कमी असतात, पण असतात. अ‍ॅसिड वरून टाकायचं नाही. ग्रॅव्हिटी (अ‍ॅसिडचा दाटपणा) कमी म्हणून अ‍ॅसिड ओतणारे आमच्या लाइनमध्येही आहेत, त्यांना बॅटरी दाखवू नका. बॅटरीतून पाणी उडतं, अ‍ॅसिड उडत नाही. हायड्रोमीटरनं सगळे सहा सेल बघा. कारच्या बॅटरीत पूर्ण चार्जला १२५० च्या वर, ट्यूब्युलरमध्ये १२२० ते १२४०. पाच सेल सारखे आणि एक ४०-५० नं खाली, तर तो सेल गेला, बाकी काही करून उपयोग नाही.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं धरलं की गरम पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा, सेलच्या आत एक थेंबही जाऊ न देता. कोरडं करून क्लॅम्प आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळला तर धातूला धातू नीट टेकत नाही. काढताना नेहमी आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की पेट घेतो, म्हणून क्लॅम्प काढण्याआधी चार्जर बंद करा आणि बिडी-सिगारेट लांब.

ठेवायची जागा बोटीच्या मध्याला, खाली, पण तळाच्या पाण्याच्या वर. झाकणाच्या बॉक्समध्ये, पट्ट्यानं आवळून. काळ्या बंद बॉक्समध्ये उन्हाळ्यात ५० अंश होतात, आणि साधारण दर १० अंशांना लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य निम्मं होत जातं. पांढरा बॉक्स, हवेला जागा ठेवलेला. कोल्हापुराहून नेताना गाडीच्या डिकीत उभी आणि दोरीनं बांधूनच न्या. दाजीपूर सोडून फोंडा घाटाच्या वळणांना लागलात की मोकळी बॅटरी आडवी होते आणि डिकीचा पत्रा सडतो.

सगळ्यात जास्त बॅटऱ्या पावसाळ्यात जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद. बोट वर ओढली, बॅटरी तशीच आत, फिशफाइंडर जोडलेला, आणि ऑगस्टमध्ये फोन येतो की घेऊन वर्ष झालं नाही तोवर बसली. बंद असतानाही काही उपकरणं थोडा करंट पीत राहतात, शिवाय बॅटरी आपोआपही उतरत असते. मेअखेरीला बाहेर काढा, पूर्ण चार्ज करा, वरून पुसून कोरडी करा, घरी आणून ठेवा. जमिनीवर ठेवली की उतरते म्हणून खाली फळी हवी असं सगळे सांगतात. हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी एकदा मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर पुन्हा पूर्ण भरा. एलएफपीचं उलटं: तिला निम्मी भरून ठेवा, आणि बीएमएसही किंचित खातं म्हणून महिन्या-दीड महिन्यानं बघत राहा.

विकत घेताना डब्यावरचा बनवल्याचा महिना बघा. लेड-अ‍ॅसिड सहा महिने दुकानात पडून असेल तर ती नवी नाही. कारची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी बोटीवर वापरली तर बहुतेक वॉरंटीत ते बसत नाही, त्यामुळं घेतानाच ‘बोटीसाठी’ असं सांगून लेखी विचारा आणि सिरीयल नंबर बिलावर घालून घ्या. ३५ एएचची जुनी पार बसली की ती दुकानातच परत द्या, नव्याच्या किमतीतून तिच्या शिशाचे पैसे वजा होतात आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती भंगारात फोडायची नसते.